चिठ्ठीविना मिळणारे स्टेरॉइडचे थेंब आणि मुलांचे डोळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत मुंबईत डोळे चोळणारी शाळकरी मुले वर्गावर्गांत दिसू लागतात. झाडे मोहरलेली असतात, हवा कोरडी होते आणि जागोजागी चाललेल्या पुनर्विकासाच्या व काँक्रीट रस्त्यांच्या कामांची धूळ त्यात मिसळते. ज्या मुलांना ॲलर्जीचा त्रास आहे त्यांचे दोन्ही डोळे लाल होतात, असह्य खाजतात, उजेड सहन होत नाही आणि कोपऱ्यातून पांढरट, चिकट, दोऱ्यासारखा स्राव येतो. व्हर्नल केराटोकन्जंक्टिव्हायटिस हा या ॲलर्जीचा तीव्र प्रकार. तो साधारण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत, त्यातही मुलग्यांत अधिक आढळतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत वयात आल्यावर ओसरतो. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात तो वर्षभर रेंगाळू शकतो.

घरोघरी याला ‘डोळे आले’ असेच म्हटले जाते आणि तिथूनच उपचाराची वाट चुकते. डोळे येतात तेव्हा बहुधा संसर्ग असतो. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, डोळ्यांत काहीतरी खुपते आणि घरातल्या इतरांनाही लागण होते. ॲलर्जीचे मुख्य लक्षण मात्र खाज हे आहे. ती दरवर्षी त्याच सुमारास परत येते आणि एकाची दुसऱ्याला होत नाही. नेमके काय झाले आहे, हे अर्थात डॉक्टरांनी तपासूनच ठरवायला हवे. परंतु नेमके याच दिवसांत परीक्षा असतात. मुलाचा अभ्यास बुडू नये म्हणून पालक कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जातात, ‘डोळे लाल झालेत, काहीतरी द्या’ म्हणतात आणि त्यांच्या हातात पुष्कळदा प्रतिजैविक व स्टेरॉइड एकत्र असलेल्या थेंबांची बाटली पडते. एक-दोन दिवसांत डोळा पांढरा होतो, खाज थांबते आणि ती बाटली घरचे हुकमी औषध होऊन बसते. पुढच्या वसंतात तीच पुन्हा काढली जाते, शेजारच्या मुलालाही दिली जाते.

हे पत्र लिहिण्याचे कारण ही बाटली आहे. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन यांसारखी स्टेरॉइडे दीर्घकाळ डोळ्यांत घातली तर काही मुलांच्या डोळ्यांतील दाब वाढतो, आणि तो वाढताना ना दुखते, ना काही जाणवते. दाबामुळे दृष्टिमज्जातंतूची जी हानी होते, ती कोणत्याही शस्त्रक्रियेने भरून निघत नाही. मोतिबिंदूही होऊ शकतो; तो काढता येतो, पण दहा-बारा वर्षांच्या मुलावर ती वेळ यावी, हे मला फार क्लेशदायक वाटते. डोळा लाल होण्याचे कारण बुरशीचा किंवा नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असेल, तर याच थेंबांनी बुबुळावरची जखम चिघळते.

स्टेरॉइड वाईटच, असे मला म्हणायचे नाही. तीव्र ॲलर्जीत नेत्रतज्ज्ञ ते मोजक्या दिवसांसाठी देतात, हळूहळू कमी करतात आणि मधूनमधून डोळ्यांचा दाब मोजतात. सौम्य त्रासाला ओलोपाटाडिनसारखे ॲलर्जीरोधक थेंब, कृत्रिम अश्रू आणि स्वच्छ, थंड पाण्याच्या घड्या अनेकदा पुरतात. काजळ, मध, गुलाबपाणी डोळ्यांत घालू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलाने डोळे चोळू नयेत, कारण वर्षानुवर्षे चोळण्याच्या सवयीचा बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याच्या विकाराशी निकटचा संबंध आहे. धुळवडीला रंग डोळ्यांत गेला तरीही चोळायचे नाही; लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहायचे आणि दुखत असेल किंवा अंधूक दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे.

स्टेरॉइडचे हे थेंब औषध नियम, १९४५ च्या अनुसूची ‘एच’मध्ये येतात, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्यांची किरकोळ विक्री करता येत नाही. नियम इतका स्पष्ट असताना ते खोकल्याच्या गोळीसारखे काउंटरवरून मिळावेत, याची मला मनापासून चीड येते. अन्न व औषध प्रशासनाने निदान फेब्रुवारी ते मे या काळात डोळ्यांच्या औषधांच्या विक्रीची विशेष तपासणी करावी, आणि औषध विक्रेत्यांच्या संघटनांनीही आपल्या सभासदांना समज द्यावी. महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांच्या धुळीसाठी उंच पत्रे, ओले कापड आणि पाण्याची फवारणी यांची जी नियमावली काढली, ती शाळांलगतच्या कामांवर परीक्षेच्या दिवसांत तरी कसोशीने पाळली जावी.

पालकांनाही एक विनंती आहे. जे. जे., केईएम, शीव, नायर या रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत आणि तिथला खर्च सामान्य कुटुंबाला परवडणारा आहे. मुलाला तिथे किंवा आपल्या नेत्रतज्ज्ञांकडे नेताना घरातली सध्याची आणि जुनी, उघडलेली प्रत्येक बाटली सोबत न्यावी, आजवर कोणते थेंब किती दिवस घातले ते सांगावे आणि डोळ्यांचा दाब मोजून घेण्याचा आग्रह धरावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, परळ, मुंबई