प्राचार्य होणाऱ्या आत्याला, फिलाडेल्फियाहून

फिलाडेल्फिया

तीर्थरूप आत्यास,
शिरसाष्टांग नमस्कार.

जूनपासून तू प्राचार्य होणार, हे बाबांकडून कळल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. पण फोनवर तू जे बोललीस ते मनातून जात नाही. ‘वर्गातल्या बाई मुलींच्या असतात, केबिनमधल्या बाई सह्यांच्या.’ इतकी वर्षं मुलींमध्ये रमलेल्या माणसाला ही धास्ती वाटणारच. म्हणून सविस्तर लिहायला बसले. मी राहते त्या या शहरात एकाच कॉलेजच्या दोन डीन अशा होऊन गेल्या, की खुर्चीवर बसूनही त्या शेवटपर्यंत मुलींच्याच राहिल्या. त्यांतल्या एकीचे तर आपल्यावर उपकार आहेत.

आनंदीबाई जोशी इथे शिकल्या हे आम्हाला लहानपणी तूच सांगितलंस. ते हे कॉलेज, ‘वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’. स्थापना १८५०ची. तेव्हाचे इथले पुरुष डॉक्टर या कॉलेजला पाण्यात पाहायचे. १८५८मध्ये त्यांच्या संघटनेनं या कॉलेजच्या विरोधात ठरावच केला. मुलींना रुग्णालयात पाऊल टाकू देईनात, तेव्हा ॲन प्रेस्टन यांनी पैसे गोळा करून बायकांसाठी वेगळं रुग्णालयच उभं करवलं. ते १८६१मध्ये सुरू झालं. प्रेस्टनबाई स्वतः याच कॉलेजच्या पहिल्या तुकडीतल्या. १८६६मध्ये त्या डीन झाल्या. त्या जागेवर आलेली ही पहिली स्त्री.

१८६९ची हकीकत तुला मुद्दाम सांगायची आहे. पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये शनिवारी रुग्णांसमोर वर्ग चालत. तिथे आपल्या मुलींना बसू द्यावं म्हणून प्रेस्टनबाईंनी खटपट करून परवानगी मिळवली. ६ नोव्हेंबरला मुली गेल्या, तर सभागृह मुलग्यांनी भरलेलं. हुर्यो, शिट्ट्या, अंगावर कागदाचे बोळे, तंबाखूच्या पिचकाऱ्या थेट झग्यांवर. बाहेर पडल्यावर रस्त्यातही पाठ सोडली नाही. वर शहरातल्या नामांकित डॉक्टरांनी आणि प्राध्यापकांनी पत्रक काढलं, की स्त्री-पुरुषांचे असे एकत्र वर्ग नकोतच.

प्रेस्टनबाई तेव्हा पन्नाशी उलटलेल्या, प्रकृतीनं कायमच्या नाजूक. त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर उत्तर दिलं. त्याचा गाभा असा, की जिथे स्त्रीला रुग्ण म्हणून आणणं योग्य ठरतं, तिथे तिनं डॉक्टर आणि विद्यार्थिनी म्हणून येणंही योग्यच. मुलींचं जाणंही त्यांनी थांबवलं नाही. आत्या, आपल्याकडे काही विपरीत घडलं की आधी मुलींच्याच बाहेर पडण्यावर बंधनं येतात, आणि तीही काळजीच्या नावाखाली. या बाईंना काळजी नव्हती असं कोण म्हणेल? पण मुलींची जागा त्यांनी सोडू दिली नाही. त्या दिवशी तंबाखू झेललेल्या मुलींपैकी ॲना ब्रूमॉल पुढे याच कॉलेजात प्रसूतिशास्त्राची प्राध्यापक झाली. आनंदीबाई इथे आल्या तेव्हा तो विषय तिच्याकडेच होता, आणि आनंदीबाईंनी प्रबंधही प्रसूतिशास्त्रावरच लिहिला. मला हे फार मोलाचं वाटतं.

आता रेचल बॉडली. रसायनशास्त्राच्या प्राध्यापक, १८७४पासून डीन. आपल्याकडे आनंदीबाईंच्या गोष्टीत त्यांचे पती गोपाळराव येतात, अमेरिकेत त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर मावशी येतात, पण बॉडलीबाईंना एखादं वाक्य मिळालं तर मिळालं. हे मला खटकतं. १८८३मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाईंनी प्रवेशासाठी कॉलेजला पत्र लिहिलं, त्यात स्पष्ट म्हटलं की माझं आधीचं शिक्षण तुमच्या अटींत बसणार नाही कदाचित, पण आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आले, तो निश्चय लक्षात घ्या. कॉलेजनं घेतलं, शिष्यवृत्तीही दिली.

बॉडलीबाई निष्ठावंत ख्रिस्ती होत्या. त्यांच्या कॉलेजातून डॉक्टर झालेल्या कितीतरी मुली मिशनरी म्हणून जगभर गेल्या. क्लारा स्वेन तर इथून आपल्या बरेलीला गेली. अशा ठिकाणी एक मुलगी हिंदू म्हणून आली, हिंदूच राहिली, आणि डीनच्या मायेत त्यानं काडीचा फरक पडला नाही. पदवीदान झाल्यावर त्यांनी आनंदीबाईंची हकीकत थेट राणी व्हिक्टोरियाला कळवली, आणि तिकडून उत्तरही आलं.

कॉलेजची जुनी कागदपत्रं आता ड्रेक्सेल विद्यापीठ सांभाळतं. त्यांतला एक फोटो मी पुन्हा पुन्हा काढून पाहते. १० ऑक्टोबर १८८५, डीननं विद्यार्थिनींसाठी ठेवलेल्या स्वागतसमारंभाचा दिवस. डावीकडे आनंदीबाई साडीत, मधे जपानची केइ ओकामी किमोनोत, उजवीकडे दमास्कसची साबात इस्लामबूली तिच्या देशाच्या पोशाखात. तिघीही गंभीर. वर्गात झगा घाला, इथल्यासारख्या दिसा, असा दट्ट्या इथे कुणी लावलेला दिसत नाही. आनंदीबाईंच्या चेहऱ्यावर आजारपण दिसतं की मला ठाऊक असल्यामुळे ते दिसतं, कोण जाणे.

११ मार्च १८८६च्या पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या, हे तुला माहीत असेलच. पण त्या आल्या तेही मुलींच्याच एका कॉलेजातून! चेल्टनहॅम लेडीज कॉलेज, आणि तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील. १८५८ ते १९०६, म्हणजे मरेपर्यंत त्या त्याच पदावर होत्या. रमाबाईंनी तोवर बाप्तिस्मा घेतला होता, पण चर्च सांगेल ते सगळं मान्य करायला त्या तयार नव्हत्या. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावं का, यावरून बिशप मंडळींनी हरकत घेतली, तेव्हा बीलबाई रमाबाईंच्या बाजूनं बोलल्या. धर्माविषयी तर दोघींचा पत्रांतून कडाक्याचा वाद चाले. आपल्याच आसऱ्याला असलेली विधवा, पदरी लहान मूल, आणि ती प्रत्येक मुद्द्याला उलट प्रश्न विचारते. बीलबाईंनी तो उद्धटपणा मानला नाही, प्रत्येक शंकेला मनापासून उत्तर दिलं. मतभेद झाले म्हणून जिव्हाळा आटत नाही, हे ज्या विद्यार्थिनीला आपल्या बाईंकडून कळलं ती फार भाग्यवान.

आनंदीबाई १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या, बावीस वर्षं पूर्ण होण्याआधीच. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक तशीच राहिली. त्याच वर्षी रमाबाईंचं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ फिलाडेल्फियात छापलं गेलं. त्याची प्रस्तावना बॉडलीबाईंनी लिहिली, आणि गेलेल्या विद्यार्थिनीबद्दल तीत भरभरून लिहिलं. पुढच्या वर्षी त्या स्वतःच गेल्या. विधवांना आसरा आणि शिक्षण देणारं रमाबाईंचं शारदा सदन ११ मार्च १८८९ला मुंबईत उघडलं, आनंदीबाईंच्या पदवीदानाच्याच तारखेला. ते पाहायला बॉडलीबाई हव्या होत्या.

आणखी एक गोष्ट, जी तुला हाताशी धरता येईल. १८८१च्या सुमाराला बॉडलीबाईंनी कॉलेजातून बाहेर पडलेल्या डॉक्टर मुलींना प्रश्नावली पाठवली. तू व्यवसाय करतेस का, मिळकत किती, लग्न केलं असशील तर कामाचा संसारावर काय परिणाम झाला. बहुतेकींची उत्तरं आली. बायका शिकून वाया जातात म्हणणाऱ्यांपुढे ठेवायला पुरावा मिळालाच, पण मला त्याहून हे जास्त वाटतं, की दूर कुठेतरी एकटीनं दवाखाना चालवणाऱ्या मुलीला कळलं असेल, बाई अजून आपली चौकशी करतात.

तुझ्या कॉलेजच्या माजी विद्यार्थिनींचे पत्ते जुन्या रजिस्टरांत असतील ना? ऑफिसातल्या कुणाला तरी ती शोधायला सांग आणि पानांचे फोटो मला पाठव. संध्याकाळी मला वेळ असतो, यादी मी टाइप करून देते. प्रश्न मात्र तूच काढ. लग्नानंतर नोकरी सोडावी लागली का, हा त्यांत असू दे, आणि परत सुरू करायची आहे का, हाही.

आजीला नमस्कार सांग. काकांची साखर आटोक्यात आहे का ते कळव.

तुझी,
भाची