कात्री, सुई आणि गोळ्या

रामबाग, इंदूर

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज चढला आणि माझं म्हणणं राहूनच गेलं, म्हणून लिहितेय.

स्तनाच्या कॅन्सरवरची माझी लेट्रोझोलची गोळी आता लागू पडेनाशी झालीय, यकृतात पसरलेल्या गाठी वाढल्यात. केमो घ्यायची, त्यात वाद नाही. तुझं म्हणणं, दोन औषधं एकदम घे. डॉक्टरांना मी तेच विचारलं. ते म्हणाले, रोग फार वेगानं पसरत असला तर तसं देतात, एरवी एकामागून एक. दोन्ही मिळून गाठी जास्त आकसतात, पण त्रासही वाढतो आणि आयुष्य त्या मानानं फारसं वाढत नाही. "बरी होईन का?" हेही विचारलं. "नाही, पण आटोक्यात ठेवू," म्हणाले. तू त्यांना हे माझ्यापासून लपवायला सांगितलं होतंस, ते मला आवडलं नाही.

राहिली दोन औषधं. पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला सलाईनमधून. केस जातील, जाऊ देत, मागच्या केमोत त्या लाल औषधाच्या वेळीही गेले होते. पण त्यानं बोटांची टोकं बधिर होतात, आणि काहींची तशीच राहतात. दुसऱ्या, कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत, १४ दिवस; मग ७ दिवस सुट्टी. केस बहुतेक टिकतात. तळहात-तळपाय मात्र लाल होतात, सोलवटतात, जुलाबही लागतात.

म्हणजे हात दोन्हीकडे गोत्यात! तीस वर्षं ब्लाऊज शिवतेय मी. तळहात सोलवटला तर कात्री धरवणार नाही, हे कळतं. पण कापायला शेजारची पोरगी आहे, सरळ कापते. शिवाय फार त्रास झाला तर गोळ्या थांबवतात, डोस कमी करतात, आणि कातडी परत येते. बोटाला सुईच कळेनाशी झाली तर हुक-काजं कोण करणार? म्हणून मी आधी गोळ्या घेणार. पॅक्लिटॅक्सेल पळून जात नाही, लागलं तर पुढे आहेच.

एकटी आहे म्हणून काळजी करू नकोस. ताप आला किंवा जुलाब थांबेनात तर पुढची गोळी न घेता आधी फोन करायचा, हे भिंतीवर लिहून लावलंय. मऊ चपला आणल्या. भांडी गरम पाण्यात घासायची नाहीत म्हणे, त्याचं मात्र मनापासून स्वागत.

मुंबईला टाटात एकदा दाखवू म्हणतोस, तर दाखवू. अवंतिकाची तिकिटं काढ, पण गोळ्यांच्या सुट्टीच्या आठवड्यातली, आणि मला खालचा बर्थ. नवरात्राची सोळा ब्लाऊजं घेतलीत, त्याच्या आत परत यायला हवं.

सूनबाईचं नवीन माप पाठव. मागचं दंडात घट्ट झालं होतं, ती बोलली नाही, पण मला दिसलं.

तुझी,
आई