टुपाकची पंचवीस गाणी, पण कोणत्या क्रमाने?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील रॅप संगीतावरच्या लेखात नव्या श्रोत्यांना सल्ला दिला आहे की अमेरिकन रॅपर टुपाक शकूर समजून घ्यायचा तर त्याचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ ऐकावा, तेवढा पुरे. ऐकावा हे मान्य. तेवढा पुरे हे मुळीच मान्य नाही.

टुपाकच्या हत्येनंतर दोन वर्षांनी, २४ नोव्हेंबर १९९८ रोजी, हा दोन सीडींचा संच निघाला. त्यातली २५ गाणी सुटी सुटी पाहिली तर निवड उत्तम आहे. ‘डिअर मामा’, ‘सो मेनी टिअर्स’, ‘हेल मेरी’ यांतलं एकही वगळणं शक्य नव्हतं. ‘हॉलर इफ या हिअर मी’ नाही याची मला हळहळ वाटते, पण आवडीचं एखादं गाणं प्रत्येकाचंच राहून जातं.

माझा आक्षेप क्रमाला आहे. संच उघडतो ‘कीप या हेड अप’ने. लॉस एंजेलिसमध्ये १९९१ साली दुकानात गोळी घालून मारलेल्या पंधरा वर्षांच्या लताशा हार्लिन्सच्या स्मृतीला वाहिलेलं, गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांना धीर देणारं हे १९९३चं गाणं. ते संपताच सुरू होतं १९९६चं ‘टू ऑफ अमेरिकाज मोस्ट वॉन्टेड’, ज्यात टुपाक आणि रॅपर स्नूप डॉग आपल्यामागे लागलेल्या पोलीस-कोर्टाची फुशारकी मारतात. या दोन गाण्यांच्या मधे काय घडलं? न्यूयॉर्कच्या स्टुडिओत त्याच्यावर झालेला गोळीबार, लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात झालेली शिक्षा, तुरुंगात असतानाच पहिल्या क्रमांकावर गेलेला ‘मी अगेन्स्ट द वर्ल्ड’ हा अल्बम आणि जामिनावर सुटताच डेथ रो या रेकॉर्ड कंपनीसाठी सुरू झालेलं काम. दुसऱ्या सीडीवर तर ‘ट्रबलसम ९६’च्या पाठोपाठ ‘ब्रेंडाज गॉट अ बेबी’ येतं. बारा वर्षांच्या मुलीने आपलं नवजात मूल कचऱ्यात टाकल्याची बातमी वाचून वीस वर्षांच्या टुपाकने ते लिहिलं होतं. हाच मुलगा पाच वर्षांत प्रतिस्पर्धी रॅपर्सना शिव्या-धमक्या देणाऱ्या ‘हिट एम अप’पर्यंत कसा पोचला, हा त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. गाणी अशी पिसून ठेवल्यावर नव्या श्रोत्याला तो पडणारच नाही.

दुसरं, वजन कुठे पडलंय ते पाहा. निम्म्याहून अधिक गाणी ऑक्टोबर १९९५ ते सप्टेंबर १९९६ या शेवटच्या अकरा महिन्यांतली आहेत. ज्या पहिल्या अल्बमला समाजात स्थान नाही असं अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल जाहीरपणे म्हणाले, त्यातली अवघी दोन. टुपाकची आई आफेनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर चळवळीतली. टुपाकच्या जन्माच्या महिनाभर आधी ती पँथर कार्यकर्त्यांवरच्या कटाच्या खटल्यातून निर्दोष सुटली होती. त्याच चळवळीपासून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. मराठी श्रोत्याला टुपाकचा सुरुवातीचा आवाज जवळचा वाटेल असं मला मनापासून वाटतं, आणि नेमका तोच इथे कोपऱ्यात ढकलला गेला आहे.

‘चेंजेस’चं काय, असं कुणी विचारेल. याच संचामुळे ते जगभर पोचलं, हे श्रेय द्यायलाच हवं. पण लोक ते त्याचा अखेरचा निरोप समजून ऐकतात. त्यातला आवाज १९९२ सालचा आहे. गाणं त्याच्या मृत्यूनंतर इतरांनी नव्याने बांधलं आणि धृपद दुसऱ्या गायकांकडून गाऊन घेतलं. अमेरिका कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्षासाठी तयार नाही, असं त्यात म्हणणारा टुपाक विशीतला, एकच अल्बम नावावर असलेला तरुण होता. हे कळलं की गाणं वेगळं ऐकू येतं, माझ्या मते अधिक चांगलं.

लेखासोबतच्या चौकटीत आपण गाण्यांची यादी दिली होती. अशी यादी पुन्हा छापाल तेव्हा प्रत्येक नावापुढे ते कधी ध्वनिमुद्रित झालं ते वर्षही द्यावं, ही विनंती. हल्ली गाणी हव्या त्या क्रमाने लावता येतात. पहिल्या अल्बममधल्या ‘ट्रॅप्ड’पासून सुरुवात करून ‘टू लिव्ह अँड डाय इन एलए’पर्यंत कालक्रमाने हीच गाणी ऐकावीत, आणि ‘ट्रॅप्ड’नंतर थांबून तो पहिला अल्बम आधी पूर्ण ऐकावा, असं आपल्या वाचकांना जरूर सांगावं.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे