वाचनालयातल्या काकांना, एका चिठ्ठीबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुस्तक परत आणलंत का?" म्हणून विषय मोडता. म्हणून लिहूनच कळवते.

नववीच्या चाचणीत लेकीवर कॉपीचा आळ आला. तो कसा मिटला ते उगाळत नाही. पण शाळेतली पाच मोठी माणसं तिला बोलली आणि "नेमकं काय झालं गं?" एवढं एकानेही विचारलं नाही. (मीही उशिराच विचारलं. ते माझं मला.) पोर मिटून गेली.

तेव्हा तुम्ही तिच्या हातात हॉली जॅक्सन यांची ती २०१९ची कादंबरी ठेवलीत, 'अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर'. घरात नाकं मुरडली गेली. १४ वर्षांच्या मुलीला खुनाबिनाचं कशाला? नंतर मी स्वतः वाचली. इंग्लंडमधलं एक लहान गाव. पाच वर्षांपूर्वी अँडी बेल ही मुलगी नाहीशी झालेली, आणि तिला तिच्या प्रियकराने, साल सिंगनेच मारलं हे गावाने ठरवून टाकलेलं. तो स्वतः हयात नाही, त्यामुळे उलट उत्तर देणारं कोणी नाही. पिप ही शाळकरी मुलगी प्रोजेक्टच्या निमित्ताने ते सगळं पुन्हा उकरते. मधूनमधून तिच्या नोंदी, मुलाखती, संशयितांची यादी. तिच्याइतकंच आपल्यालाही ठाऊक, त्यामुळे पुस्तक खाली ठेववत नाही. रक्त थोडं, चौकशीच जास्त. आमच्या मुलीला ते का भिडलं, हे मला तिसाव्या पानावरच कळलं.

पण खरी गोष्ट चिठ्ठीची. पुस्तक अर्धं झाल्यावर ती मुदत वाढवायला आली, तेव्हा तुम्ही विचारलंत, "तुला कोण वाटतं?" तिने नाव लिहिलं. तुम्ही न वाचता घडी घातलीत, स्टेपल मारलीत, वर तारखेचा शिक्का उठवलात आणि ड्रॉवरमध्ये टाकलीत. शेजारी तुमचीही चिठ्ठी. "मीपण वाचतोय, मला फोडून सांगू नकोस."

तिचं मत कोणीतरी शिक्का मारून जपून ठेवलं, काका! सज्जन माणसं मोठं काही करतात असं नाही, विचारतात आणि उत्तराची वाट बघतात.

दोघांचाही अंदाज चुकला. घरी येऊन ती पोट धरून हसली, किती महिन्यांनी.

आता दुसऱ्या भागाची माझी चिठ्ठी तुमच्याकडे आहे. ती तिला दाखवू नका.

तुमची,
सभासद क्रमांक तुम्हाला पाठच आहे