देवगडच्या काकांचे आणि आजींचे आभार

आमच्या रॉक बँडचा पहिला अल्बम आम्ही पदरमोड करून स्वतःच काढला. देवगडजवळ, हंगाम संपलेल्या आंब्याच्या शेडमध्ये रेकॉर्डिंग चालू होतं. जूनच्या पहिल्या पावसात लाइट गेली. ड्रम्स बाकी, आणि भाड्याचे माइक सकाळी परत द्यायचे!

शेजारच्या वाडीतले काका, ओळख ना पाळख, टेम्पोतून जनरेटर घेऊन आले. त्याचा आवाज माइकमध्ये येतोय म्हटल्यावर तो चिऱ्याच्या गडग्यापलीकडे नेला, वायरला वायर जोडत. पागोळ्यांची टपटप मात्र थांबेना. मग आजींनी भिजत भिजत गोणपाटं अंथरली, प्रत्येक धारेखाली एक. पहाटे 4 वाजता शेवटचा टेक झाला, तोवर त्या जाग्याच होत्या.

काका, आजी, मनापासून आभार. पहिली सीडी घेऊन आम्ही तुमच्याकडेच येतोय.