बेवारस देहाचाही मान

मा. संपादक,

गोदाकाठी सापडलेल्या बेवारस मृतदेहाची बातमी दोन ओळींत संपते, तेव्हा मला, एका बेने इस्रायलीला (मराठी ज्यूला), तोराच्या म्हणजे आमच्या धर्मशास्त्राच्या पाचव्या ग्रंथाचा 21वा अध्याय आठवतो. देहदंड झालेल्या गुन्हेगाराचेही शव रात्रभर टांगलेले न ठेवता त्याच दिवशी पुरावे, अशी तिथे आज्ञा आहे. कारण माणूस ईश्वराच्या प्रतिमेत घडलेला आहे, असे आमचे भाष्यकार सांगतात. त्याच अध्यायात, उघड्यावर खून झालेला माणूस आढळला आणि मारेकरी सापडला नाही तर सर्वांत जवळच्या गावच्या वडीलधाऱ्यांनी हात धुऊन प्रायश्चित्ताची प्रार्थना करायची असते. अनोळखी मृत्यूचा भार गावाने उचलावा, हे मला फार मोलाचे वाटते. आमच्या शास्त्रानुसार बेवारस शवासाठी तर महायाजकालाही, म्हणजे प्राचीन मंदिराच्या मुख्य पुरोहितालाही, आपले सोवळे मोडावे लागे. नाशिकमध्ये अशा प्रत्येक अंत्यविधीला त्या प्रभागाचा एक तरी लोकप्रतिनिधी उभा राहावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नाशिक