ठाकूरद्वारच्या बसस्टॉपवर भेटलेल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. नंबर मागितला तर तुम्ही हसलात, "परत याल तेव्हा सकाळी मी इथंच असतो, नंबर कशाला" म्हणालात. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. गिरगावातल्या कुणाच्या नजरेस पडलं तर कृपा करून त्यांना वाचून दाखवा, बेस्टमध्ये ड्रायव्हर होते, आता रिटायर झालेत, एवढ्यावरून नाक्यावरचा कुणीही ओळखेल.

आम्ही गोव्याचे, फोंड्याचे. पण लग्नानंतर आमचा संसार मांडला गेला तो मुगभाटात, चाळीतल्या एका खोलीत. हे फोर्टात नोकरीला, मी चर्चगेटला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि त्याच वर्षी सासूबाईंची तब्येत बिघडली म्हणून आम्ही गाशा गुंडाळून गावी आलो. त्यानंतर मुंबईला येणं झालं नाही असं नाही, पण ते कसं, कुणाचं लग्न, कुणाचं ऑपरेशन, ठाण्याला नाहीतर डोंबिवलीला जायचं आणि काम आटोपलं की परतीची गाडी. गिरगावात पाय ठेवायला सवडच व्हायची नाही. दोघांनीच, काही काम नसताना, नुसतं फिरायला म्हणून आलो ते यंदा, हे रिटायर झाल्यावर.

आणि ह्यांना मुंबईचा केवढा अभिमान! फोंड्यात कुणी मुंबईला निघालं की हे कागद घेऊन बसणार, चर्नी रोडला उतर, पुलावरून अमुक बाजूला जा, तमुक नंबरची बस पकड. तेच हे त्या दिवशी ठाकूरद्वारला फुटपाथवर उभे राहून नुसते इकडेतिकडे बघत होते. ओळखीच्या इमारतींच्या जागी पत्रे आणि टॉवर, बसच्या नंबराच्या आधी ए लागलेला, लाल डबलडेकर तर कुठं दिसेचना. येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांना विचारलं तर "मॅप लावा ना अंकल" म्हणून ती पुढं गेली, त्यांचंही बरोबर आहे, ऑफिसची वेळ होती. पण ह्यांचा चेहरा उतरला. "चल, हॉटेलवर जाऊया" म्हणाले. मला फार वाईट वाटलं हो.

तेवढ्यात स्टॉपवरच्या बाकड्यावरून तुम्ही विचारलंत, "कुठं राहायचात?"

कुठं जायचंय असं नाही विचारलंत, कुठं राहायचात! काका, मला सगळ्यात आधी आभार मानायचेत ते ह्या प्रश्नाचे. आम्ही पाहुणे नाही, इथलेच आहोत, हे तुम्ही बघताक्षणी ओळखलंत. ह्यांनी मुगभाट म्हटलं मात्र, तुम्ही सरकून जागा केलीत आणि मग चाळीचं नाव काय, खाली पिठाची गिरणी होती तीच का, गणपती कुठं बसायचा, अशी तुमची दोघांची गाडी सुटली ती सुटलीच.

त्यानंतर तुम्ही आमच्यासाठी अख्खी सकाळ दिलीत. आधी फणसवाडीत विनय हेल्थ होममध्ये मिसळ खायला लावलीत, "पोटात काही नसलं की शहर परकं वाटतं" असं म्हणत. मग मेट्रोच्या जिन्याशी नेलंत. मला खरं तर त्या मेट्रोचा राग आला होता, तिच्यासाठी इथल्या जुन्या इमारती पाडल्या हे पेपरात वाचलं होतं. तुम्ही काही तिची वकिली केली नाहीत, ज्यांची घरं गेली त्यातले काही तुमच्या ओळखीचे, त्यांच्याबद्दल कळवळून बोललात. आणि मग म्हणालात, "पण वहिनी, गुडघे दुखतात ना, मग लिफ्ट कुठंय ते बघून ठेवा." तिकीट वरच काढून घ्या, खाली फोनला रेंज मिळेलच असं नाही, हेही सांगितलंत आणि खरंच खाली रेंज नव्हती. आरे ते कफ परेड साडेतेहेतीस किलोमीटर, सत्तावीस स्टेशनं, २०२५ च्या ऑक्टोबरात सगळी लाइन सुरू झाली, हे तुम्ही असं सांगत होता जसं स्वतः रूळ टाकलेत. गिरगावात बसलो आणि बोलणं संपायच्या आत हुतात्मा चौक! ह्यांची जुनी ऑफिसला जायची वाट, पण जमिनीच्या खालून. वर आल्यावर समोर फ्लोरा फाउंटन बघितलं आणि हे लहान मुलासारखे हसले, मग पुढं होऊन मलाच दाखवायला लागले, इथं चहावाला, तिथं पुस्तकं, ह्या दारातून आमचा साहेब यायचा.

परतताना तुम्ही मुद्दाम चर्चगेटहून १२३ पकडलीत, मरीन ड्राइव्हवरून जाणारी. तुम्ही ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलात आणि मी बघत होते, सिग्नल जवळ आला की तुमचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, वळण आलं की खांदा तसा कलायचा, आणि तोंडानं मात्र तुम्ही ह्यांना कोस्टल रोडचा बोगदा मलबार हिलच्या पोटातून दोन किलोमीटर कसा जातो ते सांगत होता. डिझेलवरची शेवटची डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला निघाली तेव्हा लोकांनी तिला हार-फुलं घातली, हे सांगताना मात्र तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत. मग लगेच, "आता विजेवरची आहे, एसी, फोर्टात फिरते, वरती बसून जा एकदा." तुमचं हे मला फार आवडलं. गेलेल्याचं दुःख तुम्ही लपवलं नाहीत, पण आम्हाला त्यात बसवूनही ठेवलं नाहीत.

उतरताना तिकिटाच्या पाठीवर तुम्ही बारीक अक्षरात लिहून दिलंत, उद्या बाणगंगा. आम्ही गेलो काका, कुणाला न विचारता. शिलाहार राजांच्या काळात ११२७ मध्ये बांधलेलं तळं, पुढं १७१५ मध्ये रामा कामतांनी पुन्हा उभं केलं, समुद्र हाकेवर आणि पाणी गोडं. तिथले दीपस्तंभ बघितले की आमच्या देवळांपुढचेच वाटतात. आणि काठावर कवळे मठ! कवळे म्हणजे ह्यांचं आजोळ, आमच्या घरापासून जवळ. मठाच्या दारातून हे हलेचनात. वडील श्राद्धाला इथं आणायचे, मला बदकांना हात लावायचा असायचा आणि ते ओरडायचे, असं काय काय सांगत पायरीवर बसून राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यातलं एक अक्षर मी ऐकलं नव्हतं.

आता फोंड्यात ह्यांचा कागद पुन्हा निघालाय, नव्या स्टेशनांसकट. परवाच शेजारच्या मुलाला गिरगावची लिफ्ट कुठल्या बाजूला ते समजावत होते.

काका, तुमचे आभार मानायला माझ्याकडं शब्द कमी आहेत, म्हणून आमंत्रण देते. कामगार नाट्यस्पर्धेत तुम्ही कामं केलीत असं बोलता बोलता म्हणाला होता. आमच्याकडं फोंड्याला राजीव गांधी कलामंदिरात कला अकादमीच्या स्पर्धेतली मराठी नाटकं होतात, हॉल भरलेला असतो, गावोगावची मंडळी टेम्पो करून येतात. काकूंना घेऊन या. कोकणकन्येनं निघा, मडगावला उतरा, स्टेशनबाहेरून कदंब स्टँडवर या आणि बोरीमार्गे फोंड्याला जाणारी बस पकडा. डावीकडची खिडकी घ्या, बोरीच्या पुलावरून जुवारी छान दिसते. स्टँडवर आम्ही दोघं उभे असू.

तुमची,
मुगभाटातली वहिनी